अँटिस्टॅटिक सामानाची कसोटी कोरड्या हवेतच

जुलै-ऑगस्टमध्ये भोरच्या पश्चिमेला आणि वेल्ह्यात भिंतींना ओल येते, काडेपेटी सादळते, मिठाला पाणी सुटते. अशा दिवसांत अँटिस्टॅटिक म्हणून विकली जाणारी कुठलीही पिशवी किंवा मॅट तपासायला घ्या, बहुधा पास होईल. तीच पिशवी मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी तपासली, तर तिचा रोध शंभर पट, कधी हजार पट वाढलेला दिसू शकतो. सामान तेच, मीटर तोच, तपासणारा माणूसही तोच. बदललेली असते ती फक्त हवा. आपल्याकडे दोन्ही टोके पुरेपूर अनुभवायला मिळतात, त्यामुळे तपासणी कधी आणि कशी करायची हे नीट समजून घेणे आपल्या भागातल्या छोट्या उद्योजकांना फार गरजेचे आहे.

हा लेख त्यांच्यासाठीच आहे. खेड शिवापूर, कपूरहोळ, सारोळा आणि नीरा नदी ओलांडून शिरवळपर्यंतच्या महामार्गाच्या पट्ट्यात भोर-वेल्ह्याची बरीच मुले-मुली कामाला जातात. कुणी एलईडी दिवे जुळवतात, कुणी सौर पंपांचे कंट्रोलर, कुणी गाडीच्या वायरिंगला लागणारी सर्किटे. भोरच्या बाजारपेठेत मोबाइल दुरुस्तीची दुकाने आहेत. या सगळ्यांच्या टेबलावर निळी किंवा हिरवी मॅट असते, गुलाबी पिशव्या असतात, मनगटाला पट्टा असतो. हे सामान खरोखर काम करते का, हे तपासणारे मात्र थोडेच.

आधी तपासणीचे कारण. पॉलिथिनची साधी पिशवी टेबलावरून उचलली की तिच्यावर स्थिर वीज जमते. अमेरिकी संरक्षण खात्याच्या जुन्या पुस्तिकेत दिलेले आकडे आजही सर्रास वापरले जातात : हवेतली आर्द्रता १० ते २० टक्के असताना अशी पिशवी उचलली तर २०,००० व्होल्टपर्यंत दाब तयार होतो, आर्द्रता ६५ ते ९० टक्के असेल तर १,२०० व्होल्ट. माणसाला झटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांसाठीचे नियम ज्या सुट्या भागांचा विचार करून लिहिलेत ते १०० व्होल्टलाही जायबंदी होऊ शकतात. म्हणजे हाताला काही जाणवत नाही आणि चिप गेलेली असते. त्याहून वाईट म्हणजे ती पूर्ण जात नाही. अर्धवट दुखावते, कारखान्यातल्या चाचणीत पास होते आणि ग्राहकाच्या शेतावरच्या पंपात चार महिन्यांनी बंद पडते. मग दोष सोल्डरिंगवर जातो, कामगार मुलीवर जातो. मॅटवर कुणी संशय घेत नाही.

अँटिस्टॅटिक सामानाचे काम एवढेच की जमलेला भार संथपणे जमिनीत उतरवायचा. फार वेगाने नाही, हेही लक्षात ठेवा. उघड्या स्टीलच्या टेबलावर भारित चिप टेकली तर भार एका झटक्यात जातो आणि त्या झटक्यातच चिप मरते. म्हणून ‘जितका रोध कमी तितके चांगले’ हा समज चुकीचा आहे. पॅकिंगच्या सामानासाठीच्या एएनएसआय/ईएसडी एस५४१ या मानकात तीन गट केले आहेत. १० किलोओहमपेक्षा कमी पृष्ठरोध असेल तर ते वाहक. १० किलोओहम ते १०० गिगाओहम यांच्या मधले डिसिपेटिव्ह, म्हणजे भार हळूहळू सोडणारे. त्याच्या वर गेले की ते इन्सुलेटरच, मग त्यावर काहीही छापलेले असो. टेबलावरच्या मॅटसाठी अट जास्त कडक आहे : पृष्ठभागापासून अर्थिंगच्या बटणापर्यंत १ गिगाओहमच्या आत. १ गिगाओहम म्हणजे १,००० मेगाओहम.

रंगावर अजिबात विसंबू नका. गुलाबी रंग हा नुसता रंग आहे, तो साध्या पॉलिथिनलाही देता येतो. खऱ्या गुलाबी पिशवीत प्लॅस्टिक वितळवतानाच एक रसायन मिसळलेले असते. ते हळूहळू पृष्ठभागावर येते आणि हवेतला ओलावा धरून ठेवते. वीज वाहते ती त्या ओलाव्याच्या अतिशय पातळ थरातून. हवा कोरडी झाली की थर विरतो आणि रोध चढतो. शिवाय हे रसायन काळानुसार संपते, घासले किंवा धुतले तर निघून जाते. काळ्या रंगाच्या ट्रे आणि खोक्यांमध्ये कार्बन असतो. त्यांना हवेतल्या ओलाव्याशी फारसे देणेघेणे नसते. सुरुवातीला जो हजार पटींचा फरक सांगितला तो मुख्यतः गुलाबी पिशव्या, फवारून लावायची द्रावणे आणि स्वस्त मॅट यांच्यात दिसतो.

मीटर कोणता

खिशातला मल्टिमीटर या कामाचा नाही. त्याची मजल साधारण काही दहा मेगाओहमपर्यंत असते आणि तो मोजताना जेमतेम काही व्होल्ट देतो. चांगल्या मॅटवर त्याच्या दोन पिना टेकवल्या तर पडद्यावर ‘ओएल’ उमटते आणि माणूस चांगली मॅट खराब समजून फेकून देतो. वायरमनकडचा ५०० व्होल्टचा मेगरही नको. या सामानाचा रोध दाबाप्रमाणे बदलतो. ५०० व्होल्ट दिले की आकडा खाली येतो आणि नापास माल पास झाल्यासारखा वाटतो.

लागतो तो १० व्होल्ट आणि १०० व्होल्ट असे दोन दाब देणारा आणि निदान १०० गिगाओहमच्या पलीकडे वाचणारा रोधमापक. आधी १० व्होल्ट लावायचे. आकडा १ मेगाओहमपेक्षा कमी आला तर तोच लिहायचा. जास्त आला तर १०० व्होल्टवर जायचे, १५ सेकंद थांबायचे आणि मग वाचायचे. ही १५ सेकंदांची शिस्त पाळा. सुरुवातीला आकडा सरकत असतो, प्रत्येक जण आपल्या सोयीच्या क्षणी वाचू लागला तर दोन माणसांचे निकाल कधीच जुळणार नाहीत.

बाजारात तळाला दोन समांतर पट्ट्या असलेले, मुठीत मावणारे छोटे तपासकही मिळतात. मॅटवर ठेवून बटण दाबले की दिवा लागतो. रोज सकाळी टेबलांवरून फिरवायला ते उत्तम आहेत. नवीन माल स्वीकारायचा की परत पाठवायचा, हे त्यांच्या दिव्यावरून ठरवू नये.

इलेक्ट्रोड स्वतः बनवता येतात

मीटर विकत घ्यावा लागतो, पण इलेक्ट्रोडवर खर्च करायची गरज नाही. मॅट तपासायला दोन दंडगोल वजने लागतात, प्रत्येक २.२७ किलो, म्हणजे पाच पौंडांचे, आणि तळाचा व्यास ६३.५ मिलिमीटर. हे वजन कशासाठी, असा प्रश्न येतो. हाताने दाबलेली पिन कधी हलकी लागते, कधी जोरात. तेवढ्याने आकडा दहा पट इकडेतिकडे होतो. ठरावीक वजन ठेवले की दाब प्रत्येक वेळी सारखा राहतो.

कुठल्याही लेथवाल्याकडे जा. साध्या स्टीलचा ६३.५ मिलिमीटर व्यासाचा गोल घेतला तर साधारण ९१ मिलिमीटर उंचीला २.२७ किलो भरते. रबराचे वजन धरून उंची जराशी कमी ठेवा आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून घ्या. ५० ग्रॅम इकडेतिकडे चालेल. वरच्या तोंडाला भोक पाडून आटे पाडा, तिथे तारेचा स्क्रू बसेल. तळाला वाहक रबराची चकती चिकटवायची असते, आणि इथेच गडबड होते. चिकटवायला साधा फेव्हिकॉल वापरला तर चकती आणि स्टील यांच्या मध्ये इन्सुलेशन तयार होते. वाहक गोंदच हवा. रबर मऊसर हवे, म्हणजे मॅटच्या बारीक उंचसखल भागावर ते पूर्ण टेकते. दंडगोलाची बाजू आणि माथा इन्सुलेशन टेपने झाकून घ्या, नाहीतर उचलणाऱ्याची बोटेच मोजमापात येतील.

इलेक्ट्रोड तयार झाले की आधी त्यांचीच परीक्षा. दोन्ही एका स्वच्छ धातूच्या पत्र्यावर ठेवा आणि १० व्होल्टला मोजा. १ किलोओहमपेक्षा कमी आले पाहिजे. नाही आले तर चकती बदला किंवा जोड पाहा. मग दोन्ही एका जाड ॲक्रिलिकच्या फळीवर ठेवा आणि १०० व्होल्टला मोजा. मीटरने हात टेकले पाहिजेत, म्हणजे त्याच्या मर्यादेबाहेरचा आकडा आला पाहिजे. तिथे काही आकडा आला तर फळी मळलेली आहे किंवा दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या आहेत. या दोन तपासण्या रोज काम सुरू करण्यापूर्वी कराव्यात. त्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत आणि त्यांच्याशिवाय पुढचा कुठलाही आकडा विश्वासाचा नाही.

आता मॅट. ती टेबलावर लागलेलीच असेल तर दोन पद्धतींनी मोजा. पहिली, दोन इलेक्ट्रोड एकमेकांपासून २५ सेंटिमीटरवर आणि कडेपासून निदान ५ सेंटिमीटर आत ठेवून, बिंदू ते बिंदू. दुसरी, एक इलेक्ट्रोड मॅटवर आणि मीटरची दुसरी तार मॅटच्या अर्थिंगच्या बटणाला. दुसरी जास्त महत्त्वाची, कारण भार शेवटी त्या बटणातूनच जाणार. जिथे कामगाराचे मनगट टेकते, जिथे सोल्डरिंगचा स्टँड असतो तो झिजलेला भाग मुद्दाम निवडा. नव्याकोऱ्या कोपऱ्यात मोजून काही साधत नाही. बिंदू ते बिंदूचा आकडा चांगला आणि बटणापर्यंतचा वाईट आला, तर मॅट फेकू नका. बटणाखालची वायसर गंजलेली किंवा सैल असण्याचीच शक्यता जास्त. पावसाळ्यानंतर हे हमखास होते.

पिशवी तपासायची तर ती कापून ॲक्रिलिकच्या फळीवर पसरा. स्टीलच्या टेबलावर पसरली तर वीज पातळ पिशवीतून आरपार खाली जाऊन टेबलातून परत येते आणि रोध खोटा कमी दिसतो. आतली आणि बाहेरची बाजू वेगवेगळी मोजा, दोन्हींचा गुण वेगळा असू शकतो. पिशव्यांसाठी एकात एक अशा दोन वर्तुळांचा इलेक्ट्रोड वापरतात. त्यावरचा आकडा पृष्ठरोध असतो. काही पुरवठादार त्याला दहाने गुणून पृष्ठ-रोधकता म्हणून देतात. दोन कागदांची तुलना करताना दोन्हींवर नेमके कोणते माप आहे ते पाहून घ्या. नमुना उघड्या हाताने धरू नका, घामातले मीठ पुरेसे वाहक असते. आणि स्पिरिटने पुसूनही घेऊ नका, पृष्ठभागावरचे रसायनच पुसले जाईल. एका गठ्ठ्यातून निदान सहा नमुने घ्या. त्यांची साधी सरासरी काढू नका. पाच नमुने १०० मेगाओहमचे आणि एक १०० गिगाओहमचा असेल, तर सरासरी कुणाचेच चित्र देत नाही. सगळ्यात लहान, सगळ्यात मोठा आणि मधला असे तीन आकडे लिहा.

चंदेरी पिशवीबद्दल मात्र एक इशारा. तिच्या आत धातूचा पातळ थर असतो आणि तो बाहेरच्या झटक्यापासून संरक्षण देतो. पृष्ठरोध चांगला आला म्हणजे ते संरक्षणही आहे असे ठरत नाही; त्याची चाचणी वेगळ्या उपकरणांवर होते. ते काम प्रयोगशाळेचे.

कोरडी पेटी

मानके सांगतात की सामान पसंत करताना ते १२ टक्के आर्द्रतेत, २३ अंश सेल्सिअसच्या आसपास निदान ४८ तास ठेवावे आणि तिथेच मोजावे. आर्द्रतेत ३ टक्के आणि तापमानात ३ अंशांची सूट असते. ही अट वाचली की छोटा कारखानदार फाईल मिटतो, कारण अशी खोली उभारायला लाखो रुपये लागतात. पण नमुन्यांपुरती पेटी आपणही करू शकतो, आणि या लेखात सांगितलेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच आहे असे मला वाटते.

प्रत्येक क्षाराचे संपृक्त द्रावण बंद जागेत ठरावीक आर्द्रता धरून ठेवते. लिथियम क्लोराइडचे द्रावण २५ अंशांना सुमारे ११ टक्के धरते, म्हणजे आपल्याला हवे तेवढेच. रसायनांच्या दुकानात ते मिळते. माशांची रिकामी काचपेटी घ्या आणि तिला रबरी कडा असलेले घट्ट झाकण करा. तळाला पसरट काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या ताटात लिथियम क्लोराइडमध्ये थोडेच पाणी घालून दाट लगदा करा. धातूचे ताट नको, ते गंजून जाईल. लगद्यात न विरघळलेले क्षार सतत दिसले पाहिजेत. ओलावा शोषून सगळे पाणी-पाणी झाले की आर्द्रता वर सरकते आणि पेटी निकामी होते. हवा फिरती राहावी म्हणून संगणकातला जुना छोटा पंखा आत लावा. लिथियम क्लोराइड पोटात गेले तर विषारी आहे. हातमोजे घाला, पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि चहाच्या टेबलापासून ती दूर ठेवा.

नमुना ॲक्रिलिकच्या फळीवर, त्यावर इलेक्ट्रोड, आणि तारा झाकणातल्या भोकातून बाहेर काढून भोक पुट्टीने बंद. हे सगळे आधीच लावून ठेवायचे. दोन दिवसांनी झाकण न उघडता बाहेरून मोजायचे. झाकण उघडले की पावसाळी हवेत काही मिनिटांतच पृष्ठभाग ओलावा ओढू लागतो आणि दोन दिवसांची मेहनत वाया जाते.

आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर आत ठेवाल, तर तो खरा आहे का हे स्वयंपाकघरातल्या मिठाने पाहून घ्या. एका वाटीत मीठ घेऊन जेमतेम ओले करा, हायग्रोमीटरसह घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दाखवले पाहिजे. ८० दाखवले तर तो पाचने पुढे आहे, असा कागद त्याच्या पाठीवर चिकटवा. स्वस्त हायग्रोमीटर २० टक्क्यांच्या खाली बेभरवशाचे असतात, त्यामुळे पेटीत त्याच्या आकड्यापेक्षा ताटातल्या न विरघळलेल्या क्षारांवर जास्त भरवसा ठेवा.

तापमानाकडेही लक्ष हवे. उष्णता वाढली की या प्लॅस्टिकचा रोध उतरतो. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली केलेले मोजमाप कोरडेपणाच्या दृष्टीने योग्य, पण उष्णतेने बिघडलेले असते. पेटी एसीच्या खोलीत ठेवा किंवा पहाटे मोजा.

ही पेटी म्हणजे मान्यताप्राप्त प्रयोगशाळा नव्हे. मोठ्या ग्राहकाला प्रमाणपत्र द्यायचे असेल तर एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतच नमुना पाठवा. पण तीन पुरवठादारांच्या तीन पिशव्यांतली कोणती निवडायची, हा निर्णय या पेटीवर बिनधास्त घ्या.

अर्थिंग आणि मनगटाचा पट्टा

उत्तम मॅटही लटकत्या तारेला जोडली असेल तर निरुपयोगी. आपल्या भागात मुरमाखाली लगेच काळा कातळ लागतो, त्यामुळे अर्थिंगचा खड्डा खोल जात नाही आणि उन्हाळ्यात पार सुकतो. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तिसरे भोक दिसते म्हणून अर्थिंग आहे असे समजू नका. परवानाधारक वायरमनकडून ते मोजून घ्या, आणि ते एप्रिल-मेमध्ये मोजा. फेब्रुवारीपासून खड्ड्यात पाणी घालत राहा.

मनगटाच्या पट्ट्याच्या तारेत १ मेगाओहमचा रोध असतो. तो जीव वाचवतो : चुकून २३० व्होल्टला हात लागला तर शरीरातून जाणारा प्रवाह पाव मिलिअँपिअरच्याही आत राहतो. ही तार मात्र साध्या मल्टिमीटरने तपासता येते. १ मेगाओहमच्या जवळपास दिसले तर ठीक. शून्य दिसले तर ती तार त्याच क्षणी कापून टाका, कुणाच्याही हाताला बांधू नका. पट्टा हाताला बांधून, माणसासह मोजले तर एकूण रोध ३५ मेगाओहमच्या आत हवा. ज्यांची त्वचा कोरडी असते, त्यांचा आकडा हिवाळ्यात वर जातो. मनगटाला थोडे पाणी किंवा यासाठीचे लोशन लावले की उतरतो. पट्टा सैल, ओढणीवर किंवा बाहीवर बांधलेला असेल तर तो नसल्यातच जमा आहे.

टेबलावर थर्मोकोल, सेलोटेप, पाण्याची प्लॅस्टिक बाटली, डब्याची पिशवी असेल तर ती उचलून सर्किटपासून निदान ३० सेंटिमीटर दूर ठेवायला लावा. इन्सुलेटरवरचा भार कुठल्याच मॅटने उतरत नाही.

राहिली नोंदवही. तारीख, वेळ, तापमान, आर्द्रता, दाब, आकडा आणि तपासणाऱ्याचे नाव, एवढे रकाने पुरेत. आर्द्रतेचा रकाना रिकामा ठेवलेली नोंद बाद समजा. वर्षभराने जुलै आणि मार्चचे आकडे शेजारी ठेवून पाहा. कोणत्या मॅट ऋतूप्रमाणे बदलतात आणि कोणत्या ठाम राहतात, हे तुमच्याच वहीत दिसेल. ज्या बदलतात त्या पुढच्या खरेदीत टाळा.

पुरवठादारांच्या पत्रकावर बहुतेक वेळा नुसता रोधाचा आकडा छापलेला असतो, तो किती आर्द्रतेत मोजला हे नसते. त्यामुळे पुढच्या खरेदीच्या ऑर्डरवर एक ओळ हाताने का होईना, लिहाच : ‘१२ टक्के आर्द्रतेत ४८ तास ठेवून मोजलेल्या रोधाचा अहवाल मालासोबत द्यावा.’ अहवाल नसेल, तर माल उतरवून घेऊ नका.